वय पाहून शुश्रूषा



उसाला पाणी आणि खत केव्हा व किती द्यावे, हे आपणांस सांगण्याची गरज नाही. नुकता उगवलेला कोंब, बाळबांधणीचा ऊस, मोठी बांधणी होऊन कांड्यावर आलेला ऊस आणि खोडवा, या प्रत्येकाची भूक-तहान निराळी. मोठ्या बांधणीचा खताचा हप्ता कोंबाच्या बुडाशी टाकला तर कोंब करपेल. पीक एकच, पण वय पाहून हात चालवावा लागतो.

घरातल्या आजारपणात मात्र हे भान पुष्कळदा राहत नाही. ताप म्हणजे ताप आणि जुलाब म्हणजे जुलाब. आजोबांना, मुलाला आणि नातवाला एकच गोळी, फार तर नातवाला अर्धी. वास्तविक तोच आजार तान्ह्या बाळात एका तऱ्हेने दिसतो, कर्त्या माणसात दुसऱ्या तऱ्हेने, आणि म्हाताऱ्या माणसात कित्येकदा उशिरापर्यंत दिसतच नाही. तो वेळेवर ओळखला जातो की नाही, यावर कधी कधी माणसाचा जीव अवलंबून असतो.

औषध कोणते द्यायचे ते डॉक्टरांनी ठरवावे, त्यात आपण पडू नये. परंतु डॉक्टर दिवसातून एकदोनदा येतात. सिस्टरांकडे एका वेळी अनेक खाटा असतात. आणि घरी सोडल्यावर तर सगळा भार घरच्यांवरच येतो. तेव्हा रुग्णाजवळ बसणाऱ्याला काय ठाऊक असावे, एवढ्याचाच विचार या पाठात केला आहे.

परळची इस्पितळे

आपल्या भागातून मोठ्या आजाराचा रुग्ण मुंबईला न्यायचा म्हटले की बहुधा परळच डोळ्यांपुढे येते. पूर्वी सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतील पुष्कळ माणसे लालबाग-परळच्या गिरण्यांत कामाला होती. गाववाल्याच्या खोलीवर उतरायचे आणि पहाटे केईएमच्या केसपेपरच्या रांगेत लागायचे, अशी रीत होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, खोल्याही मोडल्या. इस्पितळे मात्र जागच्या जागी आहेत. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांसारख्या जागांचा बाहेरगावच्या लोकांना मोठा आधार आहे.

या परळमध्ये चालत जाण्याच्या अंतरावर चार मोठी रुग्णालये आहेत. महापालिकेचे केईएम १९२६ साली सुरू झाले. त्याच वर्षी स्त्रियांसाठी व बाळंतपणासाठी नौरोसजी वाडिया रुग्णालय झाले. १९२९ मध्ये केवळ मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय उभे राहिले. कर्करोगासाठी टाटा मेमोरियल १९४१ मध्ये उघडले. त्या काळी पैसा आणि जागा यांची चणचण असताना मुलांसाठी वेगळे इस्पितळ कशासाठी बांधले असेल? कारण मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. मुलांच्या वॉर्डात रक्तदाब मोजण्याचा पट्टासुद्धा लहान असतो. मोठ्याचा पट्टा मुलाच्या दंडाला बांधला तर आकडा चुकीचा येतो.

सलाईनचेच पाहा. मोठ्यांच्या नळीतून साधारण १५ ते २० थेंब पडले की एक मिलिलिटर होतो. लहान मुलांच्या नळीतून ६० थेंब पडावे लागतात. पाच किलो वजनाच्या बाळाच्या शरीरात थोडे पाणी जास्त गेले तरी ते सोसत नाही, म्हणून थेंबही बारीक केला आहे. आपली माणसे काय करतात? "लवकर संपू दे, एसटी गाठायची आहे," म्हणून नळीवरचे चाक हळूच फिरवतात. तान्ह्या बाळाच्या बाबतीत, तसेच हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या म्हाताऱ्याच्या बाबतीत, हे करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पाणी फुफ्फुसात साठून श्वास कोंडतो. सलाईनच्या चाकाला नातेवाइकाने हात लावायचा नाही. थांबले किंवा सुटले असे वाटले तर सिस्टरांना हाक मारावी.

साडेएकेचाळीस वर्षांची सेवा

शुश्रूषा काय करू शकते याचा एक दाखला याच केईएममध्ये घडला आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयाच्या आवारातच एका सफाई कामगाराने हल्ला करून अत्याचार केला. साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि मेंदू कायमचा दुखावला. त्या वेळी त्या पंचविशीत होत्या. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेएकेचाळीस वर्षे, त्यांना केईएममधील त्यांच्या सहकाऱ्यांनीच सांभाळले. जुन्या सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या. १९७३ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुलींनी पुढे त्यांना घास भरवला.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने या परिचारिकांची मनापासून प्रशंसा केली. त्यात एक गोष्ट आवर्जून नोंदलेली आहे. ३६ वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर दाबाची एकही जखम झाली नव्हती. आपल्याकडे पक्षाघाताचा रुग्ण घरी आणला की महिनाभरात पाठीला जखम होते आणि "नशिबात होतं" म्हणून सोडून दिले जाते. ती जखम टाळण्यासाठी केईएमच्या सिस्टरांकडे कोणतेही दुर्मिळ औषध नव्हते. नेमाने कुशीवर वळवणे, अंग कोरडे ठेवणे आणि घास भरवणे एवढेच होते, पण त्यात एका दिवसाचाही खंड नव्हता.

दुसरी गोष्ट आपल्या विषयाची. रुग्ण एकच होता, परंतु पंचविशीचे शरीर आणि साठीचे शरीर एक नसते. वर्षानुवर्षे त्यांना कालवलेले मऊ अन्न तोंडाने भरवता येत होते. मासळी त्यांना आवडत असे, हेही सिस्टरांनी ओळखलेले होते. खोलीत माणसांची गर्दी झाली की त्या अस्वस्थ होत, गाणी व भजने लावली की शांत राहत. २०१० मध्ये त्यांना मलेरिया झाला, तोंडाने खाणे कमी झाले आणि नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागले. अखेर न्यूमोनियाने त्या गेल्या तेव्हा त्यांचे वय ६६ होते. तरुणपणी जे शरीर सोसते ते उतारवयात सोसत नाही. म्हणून सेवा करणाऱ्याला आपली रीत वेळोवेळी बदलावी लागते.

आता एकेक वय घेऊ.

१. तान्हे बाळ

पहिल्या दोन महिन्यांत बाळाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, ऊब आणि अंगावरचे दूध. तान्ह्या बाळाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. मोठ्या माणसाला आजारात ताप चढतो, पण बाळ कधी उलट गार पडते. काखेत थर्मामीटर लावून ९९.५ अंशांच्या वर किंवा ९५.९ अंशांच्या खाली आकडा गेला, तर दोन्ही सारखेच धोक्याचे. हाताला गार लागणारे, मलूल झालेले, अंगावर ओढायचे सोडलेले बाळ "शांत झोपलंय" असे समजू नये. ते त्याच वेळी दवाखान्यात न्यावे.

कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घालून ठेवावे. वडिलांनीही असे धरले तरी चालते. खोलीत शेगडीचा धूर करू नये, तो बाळाच्या छातीत जातो. जन्मल्यावर पहिला दिवस तरी न्हाऊ घालू नये.

सहा महिने आईचे दूध, दुसरे काही नाही. वरचे पाणीही नाही. मध आपल्याकडे मोठ्या हौसेने चाटवतात, पण एक वर्षाच्या आत मध देऊच नये. मधात क्वचित असे जंतू असतात की ज्यांचे विष बाळाचे स्नायू लुळे करते. मोठ्याला त्याच मधाने काही होत नाही. वयाचा फरक तो हाच. आईच्या दुधाचे मोल इतके, की शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातांनी दिलेले दूध जमवून ज्यांना आईचे दूध मिळत नाही अशा आजारी बाळांना देण्याची पेढी सुरू केली. आशियातील ती पहिली.

हे सारे खेड्यात जमेल का, अशी शंका कुणी घेईल. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे शिकवले. १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या घालतात, त्यामागे हाच अनुभव आहे. त्या आल्या की "आमचं बाळ बरं आहे" म्हणून दारातून परत पाठवू नका. बाळ उघडून दाखवा.

२. पाच वर्षांपर्यंतचे मूल

या वयाचे मूल झपाट्याने खालावते आणि वेळीच उपचार झाले तर झपाट्याने सावरतेही. जन्मतः शरीरात सुमारे ७५ टक्के पाणी असते, मोठ्या माणसात सुमारे ६० टक्के. मुलाच्या अंगातून पाणी जाते भराभर आणि साठा असतो थोडा. म्हणून बापाला जे जुलाब दोन दिवस जड जातात, तेच जुलाब मुलाला एका दिवसात धोक्यात आणतात. डोळे खोल गेले, टाळू बसली, रडताना पाणी येईना, लघवी कमी झाली, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सावकाश खाली बसू लागली, ही पाणी तुटल्याची खूण.

जलसंजीवनीची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पुरी ओतावी. अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात, असा अंदाजाचा कारभार नको. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे, उरले तर फेकावे. दोन वर्षांच्या आतील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढे दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिलिलिटर, आणि मोठ्याला मागेल तितके. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमचा-चमचा सुरू करावे. अंगावरचे दूध व जेवण बंद करू नये. "पोटाला विश्रांती" म्हणून मुलाला उपाशी ठेवणे ही जुनी चूक आहे.

खोकला असेल तर मूल शांत असताना अंगरखा वर करून एक मिनिट पुरता श्वास मोजावा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, असा आकडा आला तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना बरगडीखालचा भाग आत ओढला जात असेल तर वाट पाहू नये. छातीला तेल चोळून हे बरे होत नाही.

औषधाचे माप वयावर नव्हे, वजनावर ठरते. तापाच्या औषधात एक मोठी गफलत होते. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असते. पातळ औषधाच्या बाटलीत पाच मिलिलिटरला १२५ किंवा २५०. एकीचे माप दुसरीला लावले की मात्रा कितीतरी पटीने चुकते. घरातला चहाचा चमचा वापरू नये, बाटलीबरोबर आलेले माप वापरावे. आणि तापात मुलांना ॲस्पिरिन कधीही देऊ नये. त्याने क्वचित यकृत व मेंदूला घातक विकार होतो.

मुलाला "गप्प बस, नाहीतर सुई टोचायला सांगीन" असा धाक घालू नये. मग ते सिस्टरांना पाहताच आकांत मांडते आणि उपचार अवघड होतात. "दुखणार नाही" असे खोटेही सांगू नये. "थोडं दुखेल, मी हात धरते," एवढे सांगितलेले पुरते. दुखते किती ते मुलाला आकड्यात सांगता येत नाही. त्यासाठी पुष्कळ रुग्णालयांत हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांची चित्रे दाखवतात, मूल बोट ठेवते. घरी पाटीवर तशी चित्रे काढायला काही खर्च येत नाही.

३. शाळकरी आणि वयात येणारी मुले

या मुलांना आजार समजतो, पण आपण त्यांना सांगत नाही. टाटा रुग्णालयात मुलाला घेऊन महिनोन्‌महिने राहणाऱ्या आईबापांना हा प्रश्न रोजचाच. मुलाच्या समोर हलक्या आवाजात कुजबुजले की मूल आपल्या मनाने भलते काही धरून बसते. दहा वर्षांच्या मुलाला आजाराचे नाव, किती दिवस औषध, केस गेले तर पुन्हा येतील का, हे साध्या शब्दांत सांगावे. शक्य असेल तर वही-पुस्तक जवळ द्यावे. उद्याचा अभ्यास आहे म्हटल्यावर उद्या आहे असे मूल धरते.

तेरा-चौदा वर्षांपुढे संकोच फार असतो. मुलीची तपासणी, कपडे बदलणे, पाळीची चौकशी, ही चुलते-मामे भोवती उभे असताना करू नये. पडदा मागावा, बाहेरच्यांना बाहेर काढावे. मुलाला व मुलीला डॉक्टरांशी दोन मिनिटे एकटे बोलू द्यावे. घरच्यांपुढे जे सांगत नाहीत ते तिथे सांगतात. लहानपणचा मधुमेह, आकडी, क्षय अशा लांबच्या आजारात याच वयात औषध चुकवले जाते. रोज ओरडण्यापेक्षा त्यांच्याच हातात वेळापत्रक द्यावे आणि आठवड्यातून एकदा आपण पाहावे.

४. कर्ती माणसे आणि बाळंतीण

कर्त्या माणसाचे दुखणे तो स्वतःच लपवतो. तोड आलेली असते, पाण्याची पाळी असते, सोसायटीचा हप्ता असतो. छातीत दाबल्यासारखे झाले तरी "पित्त असेल" म्हणून सोडा पितो. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम आणि घाबरे होणे, ही लक्षणे दिसली की बैलगाडी नको, मोटारसायकल नको. १०८ ला फोन करावा. मधुमेह असलेल्याला हृदयविकाराच्या झटक्यात कळ न येता नुसता दम लागू शकतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

या वयाच्या रुग्णाला खरी माहिती पाहिजे असते. किती दिवसांनी कामाला लागेन, वजन केव्हा उचलू, खर्च किती, हे डॉक्टरांना विचारून त्याला स्पष्ट सांगावे. नाहीतर तो टाके ओले असताना मोटार चालू करायला विहिरीवर जातो. बरे वाटले म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणारे याच वयातले. गोळी चालू आहे म्हणून बरे वाटते, हे त्याला चार वेळा सांगावे लागले तरी सांगावे.

घरातल्या बाईचे दुखणे तर तिने सांगितले तरी पुष्कळदा ऐकले जात नाही. बाळंतिणीला सहा आठवडे जपावे. तासाभरात घडी भिजून जाईल इतका रक्तस्राव, ताप, घाण वासाचा स्राव, जबर डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, यांपैकी काहीही झाले तर रात्र असो वा पहाट, तिला हलवावे. सगळे घर बाळाभोवती जमते आणि आई एका कोपऱ्यात तापाने फणफणते, असे होऊ देऊ नये. तिला पोटभर जेवण, पाणी व झोप मिळते की नाही हे सासूबाईंनी जातीने पाहावे.

५. साठीपुढची माणसे

आपल्याकडे सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण "आता वय झालं" हे एक उत्तर सगळ्यांना पाठ असते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. म्हणजे हा प्रश्न दोनचार घरांचा नव्हे.

म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असे नाही, खोकलाही फारसा नसतो. काल बरे बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलू लागले, माणसे ओळखेनात, जेवणावरची वासना गेली, दोनदा पडले, तर "भ्रमिष्ट झाले" म्हणून खोलीत निजवू नका. एकदोन दिवसांत झालेला असा बदल बहुधा छातीचा किंवा लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणे, साखर खाली जाणे किंवा नव्या गोळीचा परिणाम असतो. पुष्कळदा तो बरा होतो. सावकाश, वर्षावर्षांनी येणारा विसराळूपणा निराळा.

वयाबरोबर तहान मंदावते. पाणी मागत नाहीत म्हणजे लागत नाही असे नव्हे. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल तर दर दोन तासांनी अर्धा पेला हाती द्यावा. रात्री उठावे लागते म्हणून काही जण पाणीच पीत नाहीत. त्यांच्या खाटेजवळ लघवीचे भांडे ठेवावे.

गोळ्यांचे तर भांडारच असते. एक डॉक्टर तालुक्याचा, एक मुंबईचा, आणि अंगदुखीची गोळी दुकानातून. या अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेतल्या तर म्हातारपणी मूत्रपिंड बिघडते व पोटात रक्तस्राव होतो. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओताव्यात. कोणती बंद करायची ते त्यांना ठरवू द्यावे.

भरवताना रुग्णाला बसते करावे, घास लहान द्यावा, गिळल्याची खात्री करून पुढचा घास द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास बसूनच ठेवावे. आडवे करून पाजलेले दूध श्वासनळीत जाते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. उठवताना आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटे बसवावे, मग उभे करावे. बोलताना पाठीमागून ओरडू नये, समोर बसून सावकाश बोलावे. चष्मा, कवळी, कानाचे यंत्र पेटीत कुलूपबंद ठेवू नये. ते नसले की शहाणा माणूसही खुळ्यासारखा वागतो.

अंथरुणाला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. माकडहाड, टाचा, कुल्ले, खांदे व कोपर ही ठिकाणे रोज उजेडात पाहावीत. लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही तो फिका पडला नाही, तर जखमेची ती सुरुवात. त्या जागेवर पुन्हा भार येऊ देऊ नये आणि ती जागा चोळू तर नयेच. स्पिरिट, पावडर, हवेची गोल रिंग यांनी भले होत नाही. चादर ताणलेली, अंग कोरडे, आणि जेवणात डाळ, दूध, अंडे, चालत असेल तर मासळी, यांनी कातडी टिकते. हातापायांचे सांधे रोज दोन वेळा हलके हलवावेत. एकदा आखडलेले सांधे पुन्हा सुटणे फार कठीण.

पाळी लावावी

दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे रात्री उठणे आले. हे एकट्या सुनेच्या अंगावर टाकले तर पंधरा दिवसांत ती आजारी पडते आणि रुग्णाचेही हाल होतात. आपण पाण्याची पाळी लावतो, रात्रीच्या विजेवर भावाभावांत वाटून घेतो. तशीच रुग्णाची पाळी लावावी. मुलगा, जावई, नातू यांनीही आई-आजीचे अंग पुसायला लाजू नये. भिंतीवर एक कागद लावून त्यावर औषधाची वेळ, कूस, लघवी, खाणे यांच्या खुणा कराव्यात. इस्पितळात सिस्टर हेच करतात. पाळी बदलली तरी काम तुटत नाही ते या कागदामुळे.

आणखी एक गोष्ट. गाळप हंगामात आपल्याच उसाच्या तोडीसाठी टोळ्या येतात. थंडीच्या दिवसांत त्यांच्या कोप्यांतून तान्ही बाळे, गरोदर बायका आणि सोबत आलेली म्हातारी माणसे असतात. वर सांगितलेले गार पडलेले बाळ तिथे सापडण्याचा संभव अधिक. आपल्या फडावर टोळी असेल तर एखादे जुने घोंगडे, जलसंजीवनीच्या चार पुड्या आणि गावच्या आशाताईंचा फोन नंबर त्यांच्यापर्यंत पोहोचवावा. रात्री गाडी लागली तर आपली जीप काढावी.

हा पाठ वाचून झाल्यावर अंक कपाटात टाकू नये. श्वासाचे आणि तापाचे आकडे एका कागदावर उतरवून, खाली १०८ चा नंबर लिहून, तो कागद घरातल्या वाचता येणाऱ्या मुलाकडून स्वयंपाकघरात चिकटवून घ्यावा. शेजारी कुणी अंथरुणाला खिळलेले असेल तर हा अंक त्यांच्याकडे द्यावा. वाचता येत नसेल तर बसून वाचून दाखवावा.